सावरटेकची विलायती डुकरं आणि माझं एक सभ्य वाक्य

माझ्या एका वाक्यामुळे अकरा डुकरिणी गाभण राहिल्या, असा ठपका आल्यावर घरात स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. म्हणून ऐन मे महिन्यात, शहाणी माणसं जेव्हा बीडकडून कोकणात येतात, तेव्हा मी चिपळूणहून बीड जिल्ह्यात जाऊन आले.

मी भाषांतरं करते. पंपाच्या माहितीपुस्तिका, फवारणीच्या औषधांवरच्या सूचना, शिलाई मशीनची हमीपत्रं, असलं काहीबाही. मागच्या वर्षी पुण्याच्या एका औषध-प्रयोगशाळेनं मला चार पानांचं पत्रक मराठीत करायला दिलं होतं. विषय होता, प्रयोगांसाठी लागणाऱ्या बुटक्या जातीच्या डुकरांचं संगोपन. ही डुकरं पूर्ण वाढली तरी मध्यम कुत्र्याएवढीच. खातात कमी, पितात कमी, आणि त्यांची कातडी नि काळीज माणसाशी बरंच जुळतं म्हणून नवी औषधं आधी त्यांना देऊन बघतात. प्रयोगशाळेला ती वाढवून देणारं कुणीतरी हवं होतं. माजलगाव तालुक्यातल्या सावरटेक गावच्या दूध संस्थेला, दुष्काळात सभासदांच्या गायी विकून झाल्यामुळे, वाढवायला काहीतरी हवं होतं. दोघांचं जमलं.

त्या पत्रकात सात ओळींचा एक परिच्छेद होता. नर किती महिन्यांत आणि मादी किती महिन्यांत लैंगिकदृष्ट्या प्रौढ होते, ते कसं ओळखायचं आणि त्याच्या आधीच दोघांना वेगळं का करायचं. मी शब्दकोश उघडला. सापडलेले शब्द कागदावर लिहून पाहिले आणि खोडले. हे पत्रक गावात कुणीतरी मोठ्यानं वाचणार, समोर बायका बसलेल्या असणार, चहा फिरत असणार! शेवटी मी त्या सात ओळींचं एकच वाक्य केलं : ‘योग्य वयात नर व मादी यांच्यामध्ये सुयोग्य अंतर राखावे.’ खरं सांगते, मला ते वाक्य फार आवडलं होतं. त्यात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. प्रयोगशाळेत मराठी पत्रक कुणी वाचलंच नाही, त्यामुळे ते लगेच मंजूर झालं.

आणि आता तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. ते ठरल्याप्रमाणे डुकरं आणायला सावरटेकला गेले होते, तर अकराच्या अकरा माद्या गाभण. गाभण जनावराला औषध दिलं तर जो बदल दिसेल तो औषधाचा की गाभणपणाचा, हे कळायला मार्ग नाही. सगळी मागणी रद्द. “संस्था म्हणते, आम्ही पत्रकाबरहुकूम वागलो,” डॉक्टर म्हणाले. “त्यांची सर्वसाधारण सभा आहे. तुम्हीच जाऊन खुलासा करा.”

माझ्या पत्रकात एक शब्दही चुकलेला नाही, हे सिद्ध करायला मी निघाले.

वडवणी

वडवणीच्या स्टँडवर संस्थेचे सचिव भानुदास मोटारसायकल घेऊन आले होते. पन्नाशीचे, सडपातळ, खिशाला दोन पेनं. एक संस्थेचं आणि एक स्वतःचं, हे त्यांनी पुढं आपणहून सांगितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन अशी पडली होती की तिच्यावर कधी काही उगवलं असेल यावर माझ्यासारख्या कोकणीणीचा विश्वास बसेना. आमच्याकडे मेमध्येसुद्धा कशावर तरी शेवाळ असतंच. इथं बाभळीसुद्धा हिशेबानं सावली देत होत्या.

सावरटेकच्या अलीकडे एक हायस्कूल लागलं. त्याच्या कंपाउंडवर निळ्या रंगात हातभर मोठी अक्षरं होती. मी वाचलं आणि भानुदासांना गाडी थांबवायला सांगितली.

‘योग्य वयात नर व मादी यांच्यामध्ये सुयोग्य अंतर राखावे.’

“हे इथं कसं?” मी विचारलं.

“हेडमास्तरांला लई आवडलं,” भानुदास म्हणाले. “संस्थेत पत्रक वाचलं त्यांनी. म्हनले, आख्ख्या शिक्षण खात्याला इतकं सभ्य लिवता आलं न्हाई. मंग वर्गातली बाकं सरकावली. पोरं हिकडं, पोरी तिकडं. मधी चार फूट.”

“चार फूट कावून?” मी ‘का’ न म्हणता तिकडच्याच शब्दात विचारलं. दोन तासांत मी एवढी प्रगती केली होती.

“ते संस्थेत ठरलं. ठराव हाय त्याचा.”

कबूल करायला हरकत नाही, त्या भिंतीपुढं मी स्वतःचा एक फोटो काढून घेतला.

आप्पांच्या घरी

माझी उतरायची सोय अध्यक्षांच्या घरी होती. त्यांना सगळे आप्पा म्हणत. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, आवाज सभेचा. पाच माणसांशीसुद्धा ते मागच्या रांगेला ऐकू जाईल असंच बोलत. सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, देवस्थान, जिथं अध्यक्ष लागतो तिथं आप्पा होते, आणि जिथं आप्पा होते तिथं अध्यक्ष लागायचाच.

त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, तांब्याभर पाणी आणि पेला पुढं केला. मी घरच्या सवयीनं पेल्यात थोडं पाणी घेतलं, खळबळवलं आणि अंगणात भिरकावलं. अंगणात सात-आठ माणसं बसली होती. सगळ्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाणी जिथं पडलं त्या जागेकडे पाहिलं, ती जागा कोरडी होईपर्यंत. त्याला फार वेळ लागला नाही.

“राहू द्या,” काकू हळूच म्हणाल्या. “तुमच्याकडं लई असंल.”

आमच्याकडे पाणी घरात शिरू नये म्हणून माणसं उंबऱ्याला फळ्या लावतात, हे मी त्या अंगणात सांगितलं नाही.

जेवण मात्र असं की त्यासाठी पुन्हा जाईन. ज्वारीची भाकरी, वाफ निघत असलेली. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, घातलेली आमटी, तिच्यावर लाल तेलाचा तवंग आणि खाली असा तिखटपणा की मला नाकापर्यंत जाणीव झाली. भाताचं विचारलं तर काकूंनी माझ्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि मूठभर शिजवून आणला.

जेवताना आप्पांनी प्रकरण समजावून सांगितलं. सबंध बोलण्यात त्यांनी ‘डुक्कर’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. ‘ते प्राणी’, ‘तो माल’, ‘विलायती लेकरं’. संस्था आदल्या दोन पिढ्यांपासून दुधाची. डुकराचं नाव घेतलं तर सभासद बिथरतील, सोयरीक तुटेल, देवस्थानातली खुर्ची जाईल.

“आता बगा म्याडम,” ते म्हणाले, “एवढुसं लेकरू. त्याला कोन म्हनंल की ह्ये असले धंदे करंल? आमी तुमचं पत्रक इतक्या बारकाईनं पाळलं. आन तरी ह्ये असं. मंग दोष कुनाचा?”

“माझा नाही,” मी म्हणाले.

“न्हाईच की. आमचा बी न्हाई,” आप्पा म्हणाले. “ती बाई हाय ना, गयाबाई, जनावराकडं असते ती. तिचं ध्यान नव्हतं. परवाच्या सभेत तिला काढून टाकायचं ठरलंय. तुमी फकस्त एवढंच सांगा की पत्रक बरूबर हाय.”

मला हायसं वाटलं. मला तेवढंच सांगायचं होतं.

केंद्र

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी विचारलं, “सुशीला खाऊन जाता का?” मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. सुशीला म्हणजे तिकडचा कांदा-मिरची घालून परतलेल्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता. दोन बश्या खाल्ल्या आणि भानुदासांबरोबर निघाले.

गावाबाहेर पत्र्याची लांब शेड होती. वर पाटी : ‘विलायती लघुप्राणी संवर्धन केंद्र’. शेजारी पाण्याची मोठी टाकी. गावात टँकर चार दिवसांनी यायचा. या टाकीत एक दिवसाआड, कारण प्रयोगशाळेची अट होती की जनावरं स्वच्छ हवीत. गावातली माणसं आंघोळ विसरत चालली होती आणि डुकरं रोज न्हात होती. टाकीजवळ दोन म्हातारे बसलेले दिसले. नुसतेच बसले होते, पाण्याच्या आवाजापाशी.

आत गयाबाई झाडत होती. चाळिशीची, काटक, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला. तिच्या घरी मेंढरं होती. चारा संपला तशी विकली. नवरा ऊसतोडीला गेला होता. तिकडूनच पुढं कुठल्या कामाला लागला, अजून परतला नव्हता. तिला केंद्रात रोजंदारी होती आणि वर एक गोष्ट होती जिच्यासाठी अख्खं गाव तिचा हेवा करत होतं : संध्याकाळी टाकीतल्या दोन घागरी पाणी घरी न्यायची मुभा.

“तुमीच का पत्रकवाल्या?” तिनं विचारलं आणि झाडू न थांबवता मला आपादमस्तक पाहून घेतलं.

डुकरं मला मोहक वाटली. गोरटेली, आखूड पायांची, पोटानं जमीन झाडत चालणारी. शेडच्या मधोमध भिंत होती, बरोबर चार फूट रुंद! ‘सुयोग्य अंतर’ म्हणून चार फुटांचं विटकाम. भिंतीला एक लोखंडी फाटक होतं. ते सताड उघडं होतं आणि त्यावर आडवी लाल फीत बांधलेली होती, धूळ बसून तपकिरी झालेली. फितीखालून डुकरं या बाजूची त्या बाजूला निवांत ये-जा करत होती.

“हे फाटक उघडं का?” मी विचारलं.

भानुदासांनी घसा साफ केला. “त्याचं उद्‌घाटन व्हायचंय.”

त्यांनी पिशवीतून सभेचं इतिवृत्त काढलं आणि मला वाचून दाखवलं. विषय क्रमांक चार : योग्य वय म्हणजे किती. चर्चेअंती असं ठरलं की गायीची कालवड अडीच वर्षांत फळते, म्हैस त्याहून उशिरा. सदर प्राणी फारच लहान असल्यानं एक वर्ष धरावं. विषय क्रमांक पाच : सुयोग्य अंतर म्हणजे किती. तीन आणि पाच असे दोन प्रस्ताव आल्यानं चार फूट, सर्वानुमते. विषय क्रमांक सहा : भिंतीच्या फाटकाचं उद्‌घाटन प्राण्यांच्या पहिल्या वाढदिवशी मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते व्हावं, तोवर फाटक लावू नये.

“पाहुण्यांची तारीख मिळना,” भानुदास म्हणाले.

गयाबाईनं झाडू भिंतीला टेकवला. “म्या लावलतं ते फाटक. लावून वर बोराटी सुदीक बांधलती. संस्थेचे दोन डायरेक्टर आले आन म्हनले, फीत फाटली तर? काटे काढून टाकले. मलाच बोलनं खावं लागलं.”

“तू का लावलंस?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुन्हा अंगणात पाणी फेकलं होतं.

“कावून म्हंजे? नर फेस गाळाया लागलता. दिवाळीनंतर आले तवा दोन महिन्याचे हुते, आन संक्रांतीच्या आधी एकामेकाच्या अंगावर चढाया लागले. म्या आप्पाला जाऊन सांगितलं, मालक, ह्ये ल्हान न्हाईत. ह्ये म्हातारे झाले तरी एवढेच ऱ्हानार. ह्यांचं आंग ल्हान हाय, वय ल्हान न्हाई. आप्पा म्हनले, लेकरं खेळत्यात. डायरेक्टर हासले. पुन्यांदा सांगितलं. पुन्यांदा हासले. मंग म्हनले, पत्रकात लिवलं हाय त्याच्यापरीस तुला जास्ती कळतं का?”

मला त्या सात ओळी आठवत होत्या. पहिल्याच ओळीत होतं की नर तीन-चार महिन्यांत आणि मादी चार-पाच महिन्यांत तयार होते. दुसरीत होतं, ती दिसायला पिल्लासारखी असतात म्हणून फसू नये. गयाबाईनं न वाचता जे सांगितलं होतं ते मी वाचून, समजून, खोडून टाकलं होतं.

“ताई,” ती म्हणाली, “तुमी त्याच्यात काय लिवलंय ते मला एकदा वाचून दावता का? मला वाचता येत न्हाई. म्या खरंच चुकले असंल तर मला कळू द्या.”

मी ते वाक्य तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा म्हणायला लावलं.

“आन ह्याचा अर्थ काय?”

त्याला काही अर्थ नव्हता. चिपळूणला लिहिताना तोच त्याचा गुण वाटला होता.

धरण

दुपारी आप्पांनी जीप काढली आणि मला माजलगावचं धरण दाखवायला नेलं. पाहुणा आला की त्याला धरण दाखवायचं, ही तिकडची रीत पाणी आटल्यावरही चालू होती. सिंदफणा नदीचं पाणी मैलभर आत सरकलं होतं. तळाच्या चिखलाच्या खपल्या झाल्या होत्या आणि मासेमारीची एक होडी कोरड्यात कलंडून पडली होती. आप्पा हात लांब करून सांगत होते, पाणी कुठवर असतं, ऊस कुठवर असतो, साखरेच्या हंगामात ट्रॉल्यांची रांग कुठवर लागते. जे दिसत नव्हतं ते ते फार चांगलं वर्णन करत.

“आप्पा,” मी म्हणाले, “गयाबाईला काढू नका. चूक तिची नाही.”

“म्याडम, चूक कुनाची तरी पायजे,” आप्पा शांतपणे म्हणाले. “सभासद इचारत्यात. आन ती गेली तर तिच्या जागेला धा जण हायती. दोन घागरी पानी हाय त्या जागेला.”

परतताना मी रस्ताभर वाक्यं जुळवत होते. सभेत सांगता येईल, पण फारसं लागणार नाही, अशी. जुनी सवय.

सभा

सभा दूध संकलनाच्या जुन्या हॉलमध्ये होती. पुढं खुर्च्यांवर पुरुष, मागं जमिनीवर बायका. टेबलावर हार, दोन शाली, नारळ. पाहुणा आला की सत्कार हा विषय पत्रिकेत आपोआप छापला जातो, असं भानुदासांनी सांगितलं. गयाबाई दाराजवळ उभी होती. तिला बस म्हणावं असं कुणाला सुचलं नव्हतं.

आप्पांनी प्रास्ताविक केलं. ‘विलायती प्राण्यांच्या बाबतीत जो अनुचित प्रकार घडला’ असं म्हणाले. मग गयाबाईचा निष्काळजीपणा हा विषय आला आणि ‘पत्रक लिहिणाऱ्या विदुषी’ म्हणून मला बोलावलं.

माझ्या हातात माईक आणि इंग्रजी पत्रक होतं. मी तयार केलेलं पहिलं वाक्य ‘काही नैसर्गिक बाबींच्या संदर्भात’ असं सुरू होत होतं. मी दाराकडे पाहिलं. गयाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती, मी दिलेल्या वाक्याचा अर्थ लागतो का ते बघत असावी तशी.

“डुक्कर,” मी म्हणाले.

माईक चांगला होता. हॉलमध्ये कुणाची तरी खुर्ची सरकली.

“या जातीचा नर डुक्कर तीन ते चार महिन्यांत वयात येतो. तेव्हापासून तो मादीवर चढतो आणि त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते. मादी चार-पाच महिन्यांत माजावर येते. तेव्हा दोघं दिसतात मात्र पिल्लांसारखी. म्हणून तीन महिने पूर्ण व्हायच्या आत नर वेगळे काढायचे आणि मधलं दार बंद ठेवायचं. हे सगळं मूळ पत्रकात लिहिलेलं आहे. मी ते मराठीत लिहिलं नाही. मला लाज वाटली.”

पुढच्या रांगेतले एक वयस्क डायरेक्टर उठले. “म्याडम, जरा दमानं. माघं बायाबापड्या बसल्यात.”

“बसू द्या की!” मागून एक म्हातारी ओरडली. “बायाबापड्यांलाच ठावं हाय ते. तुमालाच न्हवतं.”

बायका हसल्या. आधी दबून, मग उघड. पुरुषांपैकी काही जण छताकडे बघू लागले. भानुदास मात्र उठले. मला त्यांच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती. त्यांनी इतिवृत्ताची वही उघडली, खिशातून पेन काढलं, परत ठेवलं, आणि एकसुरी आवाजात वाचलं :

“गयाबाई यांनी समक्ष येऊन कळविले की नर फेस गाळीत आहे व फाटक लावावे. सदर बाब सभेने हसण्यावारी नेली. पुढील सभेत त्यांनी पुन्हा कळविले. सदर बाब पुन्हा हसण्यावारी नेण्यात आली.” मग वही मिटून म्हणाले, “माजं काम हाय लिवायचं. म्या लिवलंय.”

आप्पांनी घाम पुसला. माणूस मुरलेला होता. त्यांनी दोन क्षणांत वाट काढली.

“म्हंजे म्याडम, दोष तुमचाच म्हना की.”

“हो,” मी म्हणाले. “माझा.”

सभेवर जी प्रसन्नता पसरली ती मी कधी विसरणार नाही. दोषी सापडला होता, तो परजिल्ह्यातला होता आणि उद्या निघून जाणार होता. गयाबाईचा विषय रद्द झाला. त्या जागी माझ्या निषेधाचा ठराव मांडला गेला, वयस्क डायरेक्टरांनी अनुमोदन दिलं, आणि तो एकमतानं मंजूर झाला. लगेच पुढचा विषय होता सत्काराचा. ज्या हातांनी निषेधाला मत दिलं त्याच हातांनी मला शाल पांघरली आणि नारळ दिला. टाळ्या दोन्ही वेळा सारख्याच होत्या.

फाटकाचा प्रश्न उरला. तीन डायरेक्टरांची उपसमिती नेमून निर्णय घ्यावा असं ठरत होतं, तेवढ्यात कुणीतरी दाराकडे बघितलं. गयाबाई तिथं नव्हती. ती केंद्रावर गेली होती. आम्ही तिथं पोचलो तेव्हा फाटक बंद होतं, नर एका बाजूला आणि माद्या दुसऱ्या बाजूला होत्या, आणि लाल फितीनं तिनं कडी पक्की बांधून टाकली होती. आप्पांनी ती गाठ बघितली आणि नाइलाजानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. उद्‌घाटन झालं.

सात नंबर

त्या संध्याकाळी मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला आणि झालेलं सांगितलं. ते म्हणाले, या माद्या आता कामाच्या नाहीत. पण होणारी पिल्लं घेता येतील, जर कोणत्या मादीची, कोणत्या दिवशी, हे पक्कं माहीत असेल तर. “आधीचा हिशेब कुणी ठेवला असणं शक्यच नाही,” ते म्हणाले.

गयाबाईला विचारलं. कोणत्या नंबरची मादी कधी फळली, ते तिनं बोटांच्या पेरांवर सांगायला सुरुवात केली. दोन नंबर वडवणीच्या अमुक बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सात नंबर त्याच्या आधीच्या बाजाराला, अकरा नंबर टँकर उलटला त्या दिवशी. मी लिहून घेत गेले. डुकरीण किती दिवस गाभण असते हेसुद्धा तिला ठाऊक होतं. तलवाड्याला तिची बहीण राहते, तिच्या शेजाऱ्यांकडं गावठी डुकरं आहेत, त्यांना मुद्दाम जाऊन विचारून आली होती. “सोळा बाजार आन वर दोन दिस,” ती म्हणाली. बाजार आठवड्यातून एकदा. मी गुणाकार करून पाहिला. पत्रकात एकशे चौदा दिवस छापलेले होते.

“मंग सात नंबर उद्या,” ती म्हणाली.

मी माझं जाणं एक दिवस पुढं ढकललं. दुसऱ्या दिवशी दुपारी, पत्रा तापून कडकड वाजत असताना, सात नंबरनं गवत ओढून कोपऱ्यात गोळा केलं आणि आडवी झाली. गयाबाई तिच्या पाठीशी बसली. मी पंखा म्हणून माझ्या निषेधाच्या ठरावाची प्रत हलवत होते. पहिलं पिल्लू आलं ते माझ्या मुठीएवढं, ओलं, डोळे उघडे. गयाबाईनं ते धडप्यानं पुसलं आणि आईच्या सडाशी लावलं. मग दुसरं. सगळी मिळून पाच. चौथ्याला श्वास नव्हता. तिनं त्याच्या नाकातोंडातलं बोटानं काढलं, उलटं धरून झटकलं, आणि ते किंचाळलं. ती हसली. या तीन दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

“दोन नर, तीन माद्या,” ती म्हणाली. “लिवा.”

मी तारीख घालून लिहिलं.

मग पिल्लांकडे बघतच तिनं विचारलं, “ताई, पुन्याला नेऊन ह्यांचं काय करत्यात?”

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. ‘मानवी आरोग्यासाठी त्यांचा उपयोग केला जातो.’ चांगलं, स्वच्छ वाक्य. मी ते सोडून दिलं.

“नवी औषधं असतात,” मी म्हणाले. “माणसाला द्यायच्या आधी ह्यांना देतात. काय होतं ते रोज बघतात. शेवटी मारतात आणि आत कापून बघतात.”

तिनं हातातल्या धडप्याची घडी केली. बाहेर टाकीत टँकरचं पाणी पडायला लागलं होतं.

“सगळ्यांला?”

“सगळ्यांना.”

“आप्पा म्हनले हुते, मोठ्या बंगल्यात पाळत्यात.” तिनं चौथ्या पिल्लाला बोटानं सडाकडे सारलं. ते सुटून खाली पडलं होतं. “आमी बी मेंढरं इकलीच की ताई. कशाला इकली ते आमाला ठावं हुतं. पन ठावं हुतं म्हून त्या दिशी त्यांच्याम्होरं जास्ती पाला टाकलता.”

ती उठली. तिनं टाकीवरून दोन घागरी भरून आणल्या. मग त्यातल्या एका घागरीतलं पाणी, तिच्या घरचं पाणी, तिनं सात नंबरच्या भांड्यात ओतलं, भांडं काठोकाठ भरेपर्यंत, आणि एकच घागर डोक्यावर घेऊन घराकडे निघाली.